शुगर सांभाळून थकलात? पुन्हा सुरुवात कुठून आणि कोणत्या क्रमाने करावी

ग्लुकोमीटर कपाटात आहे, पण त्यातल्या पट्ट्या कधी संपल्या ते आठवत नाही. गोळ्यांची स्ट्रिप अर्धी वापरून तशीच पडून आहे. लॅबचा मेसेज न वाचता पुसला जातो. डॉक्टरांची तारीख एकदा चुकते, मग "आता रिपोर्ट काढल्याशिवाय कसं जायचं" म्हणून पुन्हा चुकते. भूक लागली की समोर असेल ते खाल्लं जातं आणि नंतर मनाला टोचत राहतं. डायबेटिस घेऊन जगणाऱ्या कितीतरी जणांच्या आयुष्यात असा काळ येतो. याला डायबेटिस बर्नआउट म्हणतात.

यातून जाणाऱ्याला घरचे आळशी म्हणतात, आणि बऱ्याचदा तो स्वतःही तसंच समजतो. ते खरं नाही. या आजारात रोजचा उपचार रुग्णालाच करावा लागतो, रविवारीही आणि दिवाळीतही. शिवाय केलेल्या कष्टाचं फळ दर वेळी मिळतंच असं नाही. सगळं नीट पाळलं तरी सर्दी-ताप, अपुरी झोप, पाळीचे दिवस, ऑफिसमधला ताण किंवा सांधेदुखीसाठी घेतलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन शुगर वर नेतं. महिनोन्महिने असं झालं की माणूस प्रयत्न सोडतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह असल्याचं दिसलं. राज्यांमध्ये गोवा सर्वांत वर होता, २६.४ टक्के, म्हणजे प्रौढांमध्ये साधारण चौघांत एक. इतक्या लोकांना जडलेल्या आजाराचा थकवा ही खासगी लाज मानायचं काहीच कारण नाही.

पुढचं सगळं ठरावीक क्रमाने लिहिलं आहे, कारण माझ्या मते क्रमच इथे सर्वांत महत्त्वाचा आहे. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. सोमवारपासून भात बंद, साखर बंद, पहाटे पाचला चालणं, रोज चार वेळा बोट टोचणं. गुरुवारपर्यंत सगळं सुटतं आणि अपराधीपणा दुप्पट होतो. त्याऐवजी आधी धोका तपासा, मग औषध सुरळीत करा, मग मोजणं सुरू करा आणि ताटाकडे सगळ्यात शेवटी वळा.

पायरी १: आज डॉक्टरकडे धावायची गरज आहे का?

औषधं काही आठवडे किंवा महिने सुटली असतील तर पुढच्या गोष्टी आधी पाहा. उलट्या, पोटदुखी, खोल आणि जोरजोरात चालणारा श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, गुंगी: यातलं काही असेल तर ही किटोॲसिडोसिसची, म्हणजे इन्सुलिन कमी पडून रक्तात आम्ल साचण्याची लक्षणं असू शकतात. लगेच दवाखाना गाठा. टाइप १ असलेल्यांनी (ज्यांचं शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही) आणि इन्सुलिनवर असलेल्यांनी तर एक तासही वाट पाहू नये. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये शुगर फार वाढलेली नसतानाही हा प्रकार होऊ शकतो. म्हणून मीटरवरचा आकडा बरा दिसला तरी लक्षणं असतील तर थांबू नका.

शुगर वारंवार ३०० च्या वर येत असेल, तहान आणि लघवी खूप वाढली असेल, वजन आपोआप उतरत असेल, तर एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. पायाची जखम भरत नसेल किंवा बोट काळं पडत असेल तर त्याच दिवशी. नजर अचानक धूसर झाली, डोळ्यापुढे काळे ठिपके किंवा पडदा आला, तरीही त्याच दिवशी. छातीत दुखलं तर लगेच. यातलं काही नसेल तर घाईचं कारण नाही, पुढच्या पायऱ्या सावकाश घ्या.

पायरी २: नेमकं काय थकलंय?

"मला शुगरचा कंटाळा आलाय" या एका वाक्याच्या पोटात चार वेगळ्या गोष्टी असू शकतात. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्यम पोलोन्स्की यांनी सहकाऱ्यांबरोबर १९९५ मध्ये या थकव्याचं मोजमाप करणारी २० प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. पुढे २००५ मध्ये आणखी एक प्रश्नावली आली, तिने या ताणाचे चार भाग केले. ते चार भाग घरबसल्याही उपयोगी पडतात. एका कागदावर चौघांपुढे ० ते १० मध्ये गुण द्या.

पहिला, मनावरचं ओझं: "माझं पुढे काय होणार", डोळे जाणार, डायलिसिस लागणार ही भीती. दुसरा, रोजच्या कामांचा भार: टोचणं, मोजणं, वेळा पाळणं, खर्च. तिसरा, घरची आणि भोवतालची माणसं: टोकणारी, किंवा अजिबात लक्ष न देणारी. चौथा, डॉक्टर आणि दवाखाना: ओरडा बसेल ही भीती, पाच मिनिटांत उरकलेली भेट.

ज्याला सर्वांत जास्त गुण मिळाले तिथून सुरुवात करा. थकवा घरच्यांच्या बोलण्याचा असेल तर नवं डाएट घेऊन काहीच होणार नाही. खर्चाचा असेल तर समुपदेशनाआधी औषधांचा ब्रँड बदलण्याची गरज आहे. हे वेगळं करून पाहिलं नाही तर माणूस भलत्याच ठिकाणी जोर लावत राहतो.

इथे आणखी एक गोष्ट तपासायला हवी. मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्याचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त असतं, आणि बर्नआउट व नैराश्य वरवर सारखं दिसतं. बर्नआउटमध्ये साधारणपणे शुगरचा विषय निघाला की माणूस मिटतो, पण नातवंडं, क्रिकेट, भजनी मंडळ, मैत्रिणींच्या गप्पा यात मन रमतं. सलग दोन आठवडे कशातच रस वाटत नसेल, बहुतेक दिवस उदास जात असतील, झोप-भूक बिघडली असेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्याला स्वतंत्र उपचार आहे. जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल, किंवा इन्सुलिन मुद्दाम जास्त घ्यावं वा सोडून द्यावं असे विचार येत असतील, तर आजच कुणाला तरी सांगा. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

थकव्यामागे शरीराचं कारणही असू शकतं. मेटफॉर्मिन अनेक वर्षं घेणाऱ्यांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं, शाकाहारी माणसांत तर जास्तच. त्याने पायाला मुंग्या येतात, गळून गेल्यासारखं वाटतं, मन लागत नाही. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनचंही तसंच. पुढच्या रक्ततपासणीत या तिन्हींचा समावेश करायला सांगा.

पायरी ३: डॉक्टरांना खरं सांगा

माझ्या मते या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच.

गोळ्या बंद होत्या हे लपवलं तर काय होतं ते पाहा. डॉक्टरांच्या समोर एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज देणारी रक्ततपासणी) १० टक्के दिसतो. त्यांना वाटतं की तीन गोळ्या चालू असूनही शुगर आटोक्यात नाही. म्हणून ते चौथी गोळी किंवा इन्सुलिन लिहून देतात. तुम्ही घाबरून सगळं एकदम सुरू करता आणि चौथ्या दिवशी शुगर ५० वर येऊन घामाघूम होता. मग "ही औषधं मला सोसत नाहीत" असं मनात पक्कं बसतं. सारा गोंधळ एका न सांगितलेल्या गोष्टीमुळे होतो.

समोर बसल्यावर शब्द सुचत नाहीत, म्हणून वाक्यं आधीच मोबाइलमध्ये लिहून ठेवा. उदाहरणार्थ: "डॉक्टर, गेल्या काही महिन्यांपासून मी गोळ्या नीट घेतलेल्या नाहीत. रात्रीची तर जवळजवळ बंदच आहे. मला शुगर सांभाळण्याचा फार थकवा आलाय. पुन्हा सुरुवात करायची आहे, पण आज सगळं झेपणार नाही. कमीत कमी काय घेतलं तर चालेल आणि पुढे काय वाढवायचं, ते सांगा." खर्च अडत असेल तर तेही स्पष्ट बोला. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये, सिटाग्लिप्टिनचं २०२२ मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं २०२५ मध्ये संपलं. त्यामुळे एकेकाळी महाग असलेल्या या गोळ्या आता कितीतरी कंपन्यांच्या स्वस्त रूपात मिळतात. जनऔषधी केंद्रातही पाहा. सरकारी रुग्णालयांत असंसर्गजन्य आजारांच्या कक्षात शुगर-बीपीची तपासणी आणि नेहमीची औषधं मोफत मिळतात.

डॉक्टर ओरडलेच तर? "तुम्ही म्हणता ते मला पटतंय, पण ओरडा बसला की मी पुढच्या वेळी यायचं टाळतो," एवढं शांतपणे म्हणून पाहा. तरी दर भेटीला अपमानच वाट्याला येत असेल तर डॉक्टर बदला. हा आजार जन्माचा सोबती आहे, आणि ज्यांच्याकडे जायची भीती वाटते त्यांच्याकडे तुम्ही वीस वर्षं जाणार नाही.

पायरी ४: पहिले दोन आठवडे फक्त औषध

या दोन आठवड्यांत जेवण बदलू नका, वजनकाट्यावर उभे राहू नका. औषध वेळेवर पोटात जाणं एवढंच काम. जुना डोस मात्र स्वतःच्या मनाने जसाच्या तसा सुरू करायचा नाही. कोणत्या औषधाबाबत काय विचारायचं ते असं:

मेटफॉर्मिन मोठ्या खंडानंतर एकदम पूर्ण डोसने सुरू केलं की पोट बिघडतं. कमी डोसपासून वाढवत नेतात, आणि जेवणाबरोबर घेतलं तर त्रास कमी होतो. हळूहळू विरघळणारा प्रकार मिळतो, त्याबद्दल विचारा.

ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असलेल्या गोळ्या शुगर खाली ओढतात. गोळी घेऊन जेवण लांबलं तर धोका. इथे घरातल्या बायकांबद्दल मुद्दाम लिहायचं आहे. सकाळी आठला गोळी घेतली, मग सगळ्यांचे डबे, पूजा, सासऱ्यांचा नाश्ता, आणि स्वतःच्या पोटात अकरा वाजता दोन घास. मग चक्कर येते आणि सगळे म्हणतात "अशक्तपणा आलाय". घरात मधुमेह असलेली बाई असेल तर ती सर्वांबरोबर किंवा सर्वांच्या आधी जेवेल, हा नियम घरानेच करायला हवा. तो तिच्यावर सोडला तर पाळला जाणार नाही.

आठवड्यातून एकदा घ्यायचं सेमाग्लुटाइड किंवा तिर्झेपटाइडचं इंजेक्शन काही आठवडे चुकलं असेल तर बहुधा पुन्हा छोट्या डोसपासून सुरू करावं लागतं. फोन करून विचारा.

इन्सुलिनबाबत तीन गोष्टी तपासा. उघडलेली बाटली किंवा पेन साधारण २८ दिवसांनी टाकून द्यायचं असतं, मागच्या उन्हाळ्यातलं आता वापरू नका. न उघडलेलं फ्रीजमध्ये ठेवा, पण फ्रीजरमध्ये नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात वीज जात असेल तर ओल्या मातीच्या मडक्यात ठेवलेलं इन्सुलिन बाहेरच्या उष्णतेपासून बरंच वाचतं. दुसरं म्हणजे सिरिंज. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा ४० युनिट ताकदीचं असतं आणि त्याला लाल टोपणाची सिरिंज लागते. नारिंगी टोपणाची १०० ताकदीच्या बाटलीसाठी असते. अदलाबदल झाली तर डोस अडीच पट चुकतो. तिसरी, टोचण्याची जागा. पोटावर किंवा मांडीवर कठीण गाठी आल्या असतील तर तिथे टोचू नका, तिथून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. जागा बदलल्यावर डोस जास्त लागू पडू शकतो, म्हणून डॉक्टरांना सांगूनच बदला.

टाइप १ असेल तर कितीही थकवा आला तरी दिवसभर काम करणारं बेसल इन्सुलिन सुटता कामा नये. जेवण चुकेल, मोजणं राहील, पण ते राहिलं तर जिवावर बेतू शकतं. स्वतःला आठवत नसेल इतकं मन थकलं असेल तर काही आठवड्यांसाठी ते काम घरच्या कुणाच्या तरी हाती द्या. त्यांनी रात्री पेन हातात आणून द्यायचं, एवढंच.

गोळ्या लक्षात राहाव्यात म्हणून त्या आधीपासूनच्या सवयीच्या जागी ठेवा: चहाच्या डब्याशेजारी, चष्म्याच्या केसजवळ. मेडिकलमध्ये सात कप्प्यांची डबी मिळते. दर रविवारी ती भरली की "आज घेतली का नाही" हा रोजचा प्रश्न मिटतो.

शरीर पूर्वपदावर येताना काय होतं

हे आधी कुणी सांगत नाही आणि त्यामुळेच माणसं दुसऱ्या आठवड्यात पुन्हा सोडून देतात. महिनोन्महिने शुगर २५०-३०० राहिलेली असेल तर शरीराला तीच सवय होते. औषध सुरू झाल्यावर १२० वर आली तरी थरथर, घाम, भूक अशी शुगर कमी झाल्याची लक्षणं जाणवतात. अशा वेळी आधी मोजा. ७० च्या वर असेल तर साखर खायची गरज नाही. थोडं बसा, भूक असेल तर शेंगदाणे-फुटाणे खा. ही जाणीव काही दिवसांत ओसरते. पण ७० च्या खाली असेल तर लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर पुन्हा घ्या. चॉकलेट किंवा बर्फी त्या क्षणी उपयोगाची नाही, तिच्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. मोजायला मीटर नसेल आणि लक्षणं असतील तर शुगर कमी आहे असं धरूनच चाला.

शुगर उतरताना नजरही काही आठवडे अंधुक होते, कारण डोळ्यातल्या भिंगाचा फुगवटा बदलतो. त्या काळात चष्म्याचा नंबर काढू नका, दीड-दोन महिन्यांत तो परत बदलेल. नजर हळूहळू अंधुक होणं आणि पहिल्या पायरीत लिहिलेलं अचानक काही दिसणं यांत मात्र फरक करा. अचानक झालं तर थांबायचं नाही.

शिवाय जुनी, खूप वाढलेली शुगर फार झपाट्याने खाली आणली तर डोळ्याच्या पडद्याचा आधीपासून असलेला आजार तात्पुरता वाढू शकतो. म्हणून वर्षभरात डोळ्यांत औषध घालून पडद्याची तपासणी झाली नसेल तर ती सुरुवातीलाच करून घ्या. सावकाश उतरण्यातच शहाणपण आहे.

पायरी ५: मोजणं, पण थोडंच

आधी मीटर बघा: सेल, पट्ट्यांची मुदत, डबीचं झाकण नीट लागतंय का. दमट हवेत उघडी राहिलेली पट्टी चुकीचा आकडा देते. टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. आंबा चिरून तसंच बोट टोचलं तर शुगर २४० दाखवेल.

टाइप २ (मोठ्यांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा प्रकार) असेल आणि इन्सुलिन नसेल तर रोज मोजायची गरज बहुतेकांना नसते. आठवड्यातले दोन दिवस निवडा आणि जोडीने मोजा: जेवणाआधी एक आणि त्याच जेवणाच्या पहिल्या घासापासून दोन तासांनी एक. या आठवड्यात नाश्त्याची जोडी, पुढच्या आठवड्यात रात्रीच्या जेवणाची. सुट्या आकड्यावरून "वाढली" एवढंच कळतं, जोडीवरून कशाने वाढली ते कळतं. सर्वसाधारण लक्ष्य उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत असं धरतात. वयस्कर माणसांना, हृदयविकार असलेल्यांना आणि गरोदरपणात ते वेगळं असतं, ते डॉक्टरांकडून विचारून घ्या. इन्सुलिनवर असाल तर मोजण्याची वेळ आणि संख्या डॉक्टरच ठरवतील.

वहीत आकड्याशेजारी चांगला-वाईट असा शेरा लिहू नका, लाल पेनही नको. शेजारी फक्त प्रसंग लिहा: "लग्नाचं जेवण", "रात्री झोप नाही", "ताप". परवडत असेल तर दंडावर लावायचा चौदा दिवसांचा सेन्सर एकदा वापरून पाहण्यासारखा आहे. ज्यांना सतत आकडा दिसला की धास्ती वाटते त्यांनी मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये.

तीन महिन्यांचा एचबीएवनसी समजून घेताना ढोबळ हिशेब असा: ७ म्हणजे सरासरी १५४, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२, १० म्हणजे २४०. रक्तात लोह कमी असेल तर हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. घरचे आकडे आणि लॅबचा आकडा जुळत नसेल तर हे डॉक्टरांच्या कानावर घाला.

पायरी ६: आता ताट

तिसऱ्या आठवड्यापासून एका वेळी एकच बदल. सर्वांत सोपा म्हणजे खाण्याचा क्रम: आधी कोशिंबीर, भाजी, उसळ किंवा अंडं-मासळी, मग पोळी-भाकरी, भात सर्वांत शेवटी. ताटातले पदार्थ तेच ठेवले तरी जेवणानंतरची शुगर पुष्कळांत कमी चढते. दुसरा बदल चहाचा. दिवसाला चार कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे ३० ते ४० ग्रॅम साखर नुसत्या चहातून जाते. सगळी एकदम बंद करू नका, दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा.

"ज्वारीची भाकरी चालते" हे अर्धसत्य आहे. एक-दीड चालते. तीन खाल्ल्या तर भाकरीनेही शुगर चढतेच. पोह्यांची मोठी बशी आणि वर चहा-बिस्किट या नाश्त्यापेक्षा पोहे निम्मे आणि सोबत वाटीभर मटकीची उसळ किंवा दोन अंडी, हा बदल टिकतो, कारण भूक भागते. कारल्याचा रस, मेथीदाणे, जांभळाच्या बियांची पूड हौसेने घ्यायला हरकत नाही, औषधाच्या जागी नको.

मधुमेह "मुळापासून बरा" करण्याच्या कथांबद्दलही सांगायला हवं, कारण बर्नआउटमध्ये त्या फार बोचतात. वजन लक्षणीय उतरवून औषधांशिवाय शुगर ठीक राहणं खरोखर घडतं. ब्रिटनमधल्या डायरेक्ट या प्रयोगात २०१७ मध्ये वर्षभरानंतर ४६ टक्के लोकांनी ते साधलं. पण ते सगळे निदान होऊन सहा वर्षांच्या आतले होते, इन्सुलिनवर नव्हते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते, आणि तरीही निम्म्याहून जास्त जणांना ते जमलं नाही. ज्यांना जमलं नाही त्यांचा त्यात गुन्हा नाही. टाइप १ मध्ये तर हा प्रश्नच उद्भवत नाही, तिथे इन्सुलिन बंद करायला सांगणारा माणूस जिवाशी खेळतो.

उपवासाचं खाणं नीट तपासा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात बटाटा आला की आषाढीला शुगर नेहमीपेक्षा जास्त चढते. भगर थोडी, दाण्याची आमटी जास्त, सोबत दही-काकडी असं ताट करता येतं. नवरात्राचे नऊ दिवस उपवास करायचे असतील तर इन्सुलिन, ग्लिमेपिराइड आणि डापाग्लिफ्लोझिन गटाच्या गोळ्यांचं काय करायचं ते आधी विचारा. गणपतीत एक उकडीचा मोदक त्या जेवणातल्या भाताच्या जागी खा, आणि जेवताना खा, चोरून नाही. चोरून खाल्लेला मोदक एकावर थांबत नाही.

पायरी ७: चालणं

आपल्याकडची शतपावली इथे अगदी कामाची आहे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तर त्या जेवणाने चढणारी शुगर कमी चढते, कारण स्नायू ती लगेच वापरायला लागतात. दिवसातलं सर्वांत मोठं जेवण ज्या वेळी असेल त्यानंतर चाला. पायांना बधिरपणा असेल तर चप्पल-बुटाशिवाय घरातही नाही, आणि रात्री झोपताना तळवे आरशात पाहायचे.

पायरी ८: घरातली माणसं

"तुला चालतं का हे?" लग्नाच्या पंगतीत, चार लोकांत, मोठ्या आवाजात आलेला हा प्रश्न किती जणांना एकटं पाडतो याची विचारणाऱ्याला कल्पना नसते. त्याच्या मागे बहुतेक वेळा काळजीच असते. म्हणून नुसतं "टोकू नका" म्हणून भागत नाही, त्या काळजीला काहीतरी काम द्यावं लागतं.

एक शांत वेळ बघून दोन गोष्टी सांगा: काय थांबवायचं आणि त्याऐवजी काय करायचं. "माझ्या ताटाकडे बघून बोलू नका. पण रविवारी माझी गोळ्यांची डबी भरायला सोबत बसा." रोज संध्याकाळी "अहो, आज किती आली?" असं विचारण्यापेक्षा "अहो, चला, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ" हे कितीतरी जास्त उपयोगी. आईवडिलांना मधुमेह असेल आणि तुम्ही पुण्या-मुंबईत किंवा परदेशात असाल तर फोनवरचं पहिलं वाक्य शुगरचं नसू द्या. औषधं महिन्याच्या महिन्याला घरी पोहोचतील अशी व्यवस्था करा, ते काम लांबूनही होतं.

टाइप १ असलेल्या किशोरवयीन मुलांच्या आयांना हे विशेष सांगायचं आहे. मूल शाळेतून, क्लासमधून आलं की आधी "दिवस कसा गेला?" आणि आकडा नंतर. आकडा वाईट दिसला की घर पेटतं, हे मुलाच्या लक्षात आलं की ते खोटे आकडे सांगायला लागतं, आणि मग डोस ठरवायला कुणाच्याच हाती खरी माहिती उरत नाही. वाढलेला आकडा ऐकल्यावर "बरं झालं मोजलंस, आता काय करू या?" एवढंच म्हणा.

पायरी ९: ठरवून घेतलेली मोकळीक

थकवा पुन्हा येणारच. कधी ना कधी सगळं आपोआप सुटण्यापेक्षा आधीच ठरवून थोडं सैल करणं सुरक्षित असतं. डॉक्टरांशी बोलून हे ठरवा: एखादा आठवडा मोजणं कमी, घास मोजणं बंद, मोबाइलवरचं ॲप बंद, व्यायामाच्या जागी नुसती शतपावली. सैल करायचं नाही ते असं: बेसल इन्सुलिन, शुगरच्या मूळ गोळ्या, बीपीची गोळी, आणि पाय पाहणं. मोकळीक संपण्याचा दिवस कॅलेंडरवर आधी लिहा आणि त्या दिवशी संध्याकाळी जोडीने एकदा मोजा.

तीन महिन्यांनी

एचबीएवनसी, लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन (या दोन्ही मूत्रपिंडाच्या तपासण्या), कोलेस्टेरॉल, बीपी, पायांची संवेदना, दात. हे सगळं एका दिवशी करायची गरज नाही, दोन-तीन फेऱ्यांत करा. आकडा ९.५ वरून ८.५ वर आला आणि कुणी म्हणालं "अजून सातच्या खाली नाही आली", तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. ब्रिटनमधल्या मोठ्या यूकेपीडीएस अभ्यासातून २००० साली मांडलेल्या निष्कर्षानुसार एचबीएवनसी एक टक्क्याने कमी असण्याशी डोळे-मूत्रपिंडासारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या त्रासाचा धोका ३७ टक्क्यांनी कमी असणं जोडलेलं दिसलं. साडेनऊवरून साडेआठ ही मोठी मजल आहे.

आकडा हललाच नसेल तर स्वतःला दोष देण्याआधी चौथ्या पायरीवर परत जा: गोळ्या खरंच किती दिवस पोटात गेल्या, इन्सुलिन खराब झालेलं नव्हतं ना, गाठींवर टोचणं चालू नाही ना. त्या ठीक असतील तर औषधच बदलायची वेळ आली असेल. टाइप २ मध्ये वर्षागणिक स्वादुपिंडाची ताकद कमी होत जाते, आणि पथ्य चोख पाळणाऱ्यालाही एक दिवस इन्सुलिन लागू शकतं.

फाइलच्या पहिल्या पानावर एक कागद लावून ठेवा. त्यावर चालू औषधांची नावं आणि डोस, डॉक्टरांचा नंबर, पुढच्या रक्ततपासणीची तारीख, आणि "फारच थकलो तरी एवढं करीन" म्हणून डॉक्टरांशी ठरवलेल्या दोन-तीन गोष्टी. त्याची एक प्रत अशा माणसाला द्या ज्याच्याशी तुम्ही न घाबरता बोलता, आणि त्याला सांगून ठेवा की तुम्ही शुगरचा विषय सलग महिनाभर टाळताना दिसलात तर त्याने फोन करून तुम्हाला दवाखान्यात सोबत न्यावं.